जीपला लावलेला शेंदूर

"अनुसया, पत्रा बघून खरवड, हात बघून न्हाई," मालक जीपखालून बोलले. "हाताची घाण साबणानं जाती. गंज ऱ्हायला तर दोन वर्सांत परत वर येतो."

मी पुढच्या मडगार्डावर लोखंडी पट्टी चालवत होते. वरचा पिवळा रंग पोपडे होऊन गळत होता, त्याखाली लष्कराचा हिरवा लागत होता आणि हिरव्याखाली भुगा. पट्टी जोरात दाबली की काही ठिकाणी पत्राच फाटायचा. मग मालक खडूनं तिथं फुली मारून ठेवत. पाच दिवसांत जीपवर इतक्या फुल्या झाल्या होत्या की लांबून ती आजाऱ्यासारखी दिसायची.

जांभळीखाली वन्सं आमच्या शालनला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. वन्सं म्हणजे मालकांची थोरली बहीण, द्वारका. सगळे त्यांना आक्का म्हणत. शालन तेव्हा अडीच वर्षांची होती. वाऱ्यानं उडालेला एक पोपडा तिनं उचलून तोंडात घातला, तसं वन्संनी तिचे गाल दाबून बोटानं तो बाहेर काढला.

"सोपाना, तुझी लेक गाडी खाऊन टाकील बघ मोळी पडायच्या आत," वन्सं म्हणाल्या.

"खाऊ दे. तेवढंच वजन कमी हुईल. घाटात चढायला बरं."

"आत्ती, गाई कडू," शालन म्हणाली. ती गाडीला गाई म्हणायची. दिवसभर तिचं तोंड चालू असे. चाळीतल्या बायका म्हणायच्या, हिच्या जिभेला हाडच नाही.

एकोणीसशे एकाहत्तरचा भादवा होता. आम्ही पाटणच्या वरच्या अंगाला, धरणाच्या कामगारांसाठी बांधलेल्या पत्र्याच्या चाळीत राहत होतो. काम संपून माणसं गेली होती. तीस खोल्यांत आम्ही सात-आठ घरं उरलो होतो. मालक कामावर ड्रायव्हर होते. काम संपलं तसं त्यांचंही संपलं, आणि भंगारात काढलेली ती जीप त्यांनी लिलावात घेतली. इंजिन त्यांनी स्वतः उघडून बसवलं, ते वाजायला लागलं. पण अंग कुजलं होतं. खालच्या अंगाच्या एका साखर कारखान्याला उसाच्या फडांवर हिंडायला जीप भाड्यानं हवी होती. त्यांच्या साहेबानं मालकांना स्पष्ट सांगितलं होतं, की दसऱ्याला उसाची पहिली मोळी टाकून गाळप सुरू करायचं आहे, त्याआधी गाडी रंगवून, पासिंग करून दारात उभी करा, नाहीतर दुसरी तयार आहे. गाडी लागली असती तर हंगामभर काम होतं. नसती लागली तर आम्हाला चाळ सोडून मुंबईला जावं लागणार होतं, मालकांच्या मावसभावाच्या खोलीत, जिथं आधीच नऊ माणसं होती. त्यामुळं घरात दुसरा विषयच नव्हता.

फाटलेल्या जागी गॅरेजमधून तुकडे जोडून आणले. मग इस्माईल मिस्त्री आले. धरणाची दारं, क्रेन, पूल, सगळं त्यांनीच रंगवलेलं. आता डोळ्यांनी अधू झाले होते, पण पत्र्यावर पंजा फिरवून सांगायचे.

"मिस्त्री, रेड ऑक्साइड मारू का खाली?" मालकांनी विचारलं.

"मार की. दोन पावसाळ्यानं परत मला बोलव. तवर मी जगलो तर येतो." त्यांनी बॉनेटवर नख ओढलं. "धरणाच्या दारांना काय मारलं होतं इसरलास व्हय? शेंदूर. जवसाच्या तेलात कालवून. बारा महिने पाण्यात हायत ती दारं, एक पुळी न्हाई त्यांच्या अंगावर."

"देवाचा शेंदूर गाडीला?" वन्संनी जांभळीखालून विचारलं.

"ही बी मारुतीच हाय, बाई. डोंगरच चढायचाय तिला."

सगळे हसले. मिस्त्री पुढं म्हणाले, "पण वाटून घ्यावा लागतो. पुडीतला शेंदूर तसाच तेलात टाकला की गुठळ्या होत्यात. गुठळीत हवा ऱ्हाती, आन हवा ऱ्हायली की गंजाला दार उघडं. पाट्यावर तेल घालून लोण्यावाणी वाटायचा. बोटावर घेतला तर कण लागला न्हाई पायजे. हे बायकांचं काम. पुरुषाला दम नसतो."

वन्सं लगेच म्हणाल्या, "माझ्या पाट्याजवळ आणायचा न्हाई हं, आधीच सांगते. पोटात गेला तर आवाज जातो माणसाचा. आमच्या सासरी एका वाघ्याला कुणी पानातनं घातला होता. चांगला गळा त्याचा. मरेस्तोवर खाणाखुणा करत होता."

"खरं बोलत्यात बाई," मिस्त्री म्हणाले. "येगळा दगड घ्या. आन पोरी, वाटून झालं की राखेनं हात धू, मग भाकरीला लाव."

वन्संचा पाटा म्हणजे त्यांचा जीव होता. त्या एकोणिसाव्या वर्षी विधवा झाल्या. मूलबाळ नव्हतं. सासरच्यांनी दोन वर्षं गोठ्यात ठेवून घेतलं आणि मग भावाकडं पाठवलं. धरणावर त्यांनी सहा वर्षं डोक्यावरून खडी वाहिली. पहिल्या पगारात त्यांनी लुगडं नाही घेतलं. खाणीतल्या पाथरवटाकडून काळ्या दगडाचा पाटा-वरवंटा घडवून घेतला. त्या घरात स्वतःची म्हणावी अशी त्यांची ती एकच वस्तू. दुसऱ्या कुणी त्यावर वाटलेलं त्यांना चालत नसे. मीसुद्धा मिरची वाटायची झाली तर विचारून घ्यायची. गणपतीआधी दारावर पाट्याला छिन्नीनं टाकी लावून देणारी आली होती, तेव्हा त्यांनी तिच्यासमोर बसून अख्खा पाटा टाकवून घेतला होता. रोज सकाळी भांगलणीला जायच्या आधी त्या रात्री भिजवलेली खारीक त्यावर दुधात वाटायच्या आणि शालनला बोटानं चाटवायच्या. "माझी भाची काळी का होईना, दणकट होणार," असं म्हणायच्या.

चाळीमागं एक फुटका पाटा पडला होता. मालकांनी तो उचलून जांभळीखाली आणून दिला. मी त्यावर शेंदूर वाटायला बसले. दगड मऊ होता, मध्ये खोलगट झालेला. शेंदूर फिरायचा, वाटायचा नाही. खांदे भरून आले. दुपारी मी तो डब्यात भरला आणि मालकांनी बॉनेटला आणि दोन्ही दारांना पहिला हात दिला. संध्याकाळी जीप केशरी दिसायला लागली, तशी शालन टाळ्या पिटत होती.

सकाळी बघितलं तर सगळ्या बॉनेटवर बारीक फोड. अंगावर घामोळं यावं तसे.

मालक काही बोलले नाहीत. ते मारकुटे नव्हते, पण राग आला की बोलणं बंद करायचे. आमच्या लग्नानंतर एकदा पंधरा दिवस बोलले नव्हते. ताट समोर ठेवलं की जेवायचे, पण पाणी वन्संकडं मागायचे. त्या सकाळी त्यांनी घासलेटचा बोळा घेतला आणि पूर्ण बॉनेट पुसून काढलं. दुपारपर्यंत पुसत होते. मग पुडी माझ्यापुढं टाकली.

"महिनाच ऱ्हायलाय," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी डबा त्यांच्या हातात दिला. त्यांनी अंगठ्यावर थेंब घेतला, बोटानं फिरवला, उन्हात धरून बघितला.

"आता कसं? मग परवा काय झालं हुतं?"

"परवा दम धरला नाही," मी म्हणाले.

ते हसले. लग्नाला चार वर्षं झाली होती. माझ्या कामावर खूश होऊन हसलेले मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा बघितलं. "मिस्त्रीला दाखवतो," म्हणाले. मिस्त्रींनी बोट बुडवून चोळलं आणि म्हणाले, "ह्या बाईला दारं रंगवताना कुठं ठेवली हुती? आम्ही चार माणसं लावत हुतो वाटायला."

त्या दिवसापासून बारा दिवस मी रोज दुपारी शेंदूर वाटला. आधी वरचं अंग, मग चाकांच्या वरच्या आतल्या खोबणी, मग खालची चासी, सगळं दोन-दोन हात. मालक पाठीवर झोपून खालून ब्रश मारत आणि शेंदूर त्यांच्या कपाळावर गळे. संध्याकाळी वन्सं कामावरून आल्या की म्हणायच्या, "सोपाना, तुझाच मारुती झाला." घरात इतकं हसणं मी कधी ऐकलं नव्हतं.

शेंदूर वाळला, तशी वर पुट्टी भरली, पाण्यात भिजवून घासायचा कागद मारून ती गुळगुळीत केली. मग राखाडी रंगाचे दोन हात दिले.

राखाडी रंगाच्या सुमाराला शालन कुरकुर करायला लागली. आधी जेवेना. पोट धरून रडायची. चार-चार दिवस शी व्हायची नाही. मग ओकाऱ्या. वन्संनी एरंडेल दिलं. मी म्हटलं, दाढा येत असतील. शेजारच्या हौसावहिनी येऊन पोट दाबून गेल्या आणि म्हणाल्या, "जंत न्हाईत. दृष्ट हाय ही." असं म्हणताना त्या चुलीपुढं बसलेल्या वन्संकडं बघत होत्या. वन्संनी बघितलं नाही, किंवा बघितलं तरी दाखवलं नाही. हौसावहिनी गेल्यावर त्या मला म्हणाल्या, "अशक्त झालीया पोर. उद्यापासून दोन खारका वाटते."

आणि त्या दोन वाटायला लागल्या. शालन तोंड फिरवायची. वन्सं तिला चिऊकाऊच्या गोष्टी सांगून, गाल धरून, बोट बोट चाटवायच्या. वाटी पुसून घ्यायच्या.

दसऱ्याच्या चार दिवस आधी मालक गाडी घेऊन साताऱ्याला पासिंगला गेले. संध्याकाळी चारला हॉर्न वाजवत आले. पुढं झेंडूची माळ होती. चाळीतली सगळी माणसं बाहेर आली. पासिंगवाल्या साहेबानं पत्र्यावर टिचकी मारून विचारलं होतं, नवी बॉडी कुठनं आणली, हे मालक सगळ्यांना तीन-तीनदा सांगत होते. मी ओवाळायला ताट घेऊन दारात आले. शालन वन्संच्या कडेवर होती. तिनं गाडीकडं बघितलं. मला वाटलं, आता गाई म्हणेल. तिचे डोळे वर गेले आणि अंग ताठ झालं. वन्संच्या हातात ती लाकडासारखी झाली आणि झटके द्यायला लागली.

हौसावहिनी म्हणाल्या, "कांदा आणा, कांदा फोडून नाकाला लावा."

मालकांनी माळ ओढून टाकली आणि आम्हाला तिघींना गाडीत घातलं. आमच्या जीपची पहिली फेरी ती. साताऱ्यापर्यंत तिला आणखी दोनदा झटके आले. वन्सं सगळ्या वाटेत तिच्या दातांमध्ये आपलं बोट घालून बसल्या होत्या. उतरलो तेव्हा ते बोट फुटलं होतं.

मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते. चष्म्यावरून बघायचे. त्यांनी तीन दिवस रक्त नेलं, पाठीतून पाणी काढलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी शालनचा ओठ वर करून हिरडी बघितली आणि आम्हाला व्हरांड्यात बोलावलं.

"घरी कसलं काम चालतं तुमच्या? बॅटऱ्या, छपाई, रंग असं काही?"

"जीप रंगवली, साहेब," मालक म्हणाले. "घरीच."

"खाली काय मारलं?"

"शेंदूर."

"शेंदूर म्हणजे शिसं. ते पोरीच्या मेंदूपर्यंत गेलंय. रंगाचे पोपडे चघळायची का?"

"एकदा घातला हुता तोंडात. म्या काढला," वन्संनी सांगितलं. "त्याच्यानंतर तिला गाडीच्या जवळ कुणी जाऊ दिली न्हाई."

"एकदा-दोनदाचं नाही हे. रोज थोडं थोडं गेलंय, बरेच दिवस. खाण्यातनं. पुण्याहून इंजेक्शनं मागवलीत, ती देऊ. जगेल असं मला वाटतं. पुढचं आत्ता सांगत नाही." मग मालकांना म्हणाले, "तुम्ही घरी जा आणि शोधा. कशातनं जातंय ते सापडलं नाही, तर घरी नेल्यावर पुन्हा हेच."

मालक त्याच पावली गाडी घेऊन गेले. मी शालनच्या खाटेशी बसून राहिले. मी फक्त तिच्या नाकपुड्यांची हालचाल मोजत होते. वन्सं मला म्हणाल्या, "चार घास खा." मी म्हटलं, "भूक नाही." त्यांनी माझ्याकडं जरा जास्त वेळ बघितलं.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला मालक आले. दवाखान्यामागं लिंबाखाली रोग्यांच्या माणसांनी दगडांच्या चुली मांडल्या होत्या. तिथं वन्सं शालनसाठी भाताची पेज करत होत्या. मी फुंकणी घेऊन बसले होते. मालक उकिडवे बसले आणि खिशातून कागदाची पुडी काढून उघडली. तिच्यात चिमूटभर काळी-केशरी माती होती.

"आक्का, हे तुझ्या पाट्यातनं निघालं. टाकीच्या भोकातनं. गोणपाटाच्या सुईनं कोरून काढलं मी."

वन्संनी पुडीकडं बघितलं. मग माझ्याकडं. तोंडाकडं नाही, हातांकडं. मी हात राखेनं धुतले होते, चिंचेनं धुतले होते, पण नखांच्या मुळाशी बारीक केशरी रेघ अजून होती. मी फुंकणी घट्ट धरली.

"आक्का, तुझ्या पाट्याला तू कुणाला हात लावू देत न्हाईस. मंग हे कसं आलं?"

लाकूड चुलीबाहेर सरकलं होतं. वन्संनी ते आत लोटलं.

"म्या वाटला," त्या म्हणाल्या.

"तू?"

"मारुतीला लावायला. शनिवारी."

"तूच सांगितलंस पाट्याजवळ आणायचा न्हाई म्हणून. मिस्त्रींच्या म्होरं."

"मीच सांगितलं आन मीच वाटला. आता काय करतोस?"

मालक बहिणीकडं बघत राहिले. त्यांनी माझ्याकडं एकदाही मान वळवली नाही. वळवली असती तर मी बोलले असते, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगितलं. आता सांगत नाही. ते उठले, पुडी चुलीत टाकली आणि वॉर्डाकडं चालत गेले.

बॉनेटवर फोड आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी फुटक्या पाट्यावर पुन्हा बसले होते. तासभर वाटूनही कण जाईना. वन्सं भांगलणीला गेलेल्या. मालक टायर आणायला गेलेले. मी खोलीत जाऊन वन्संचा पाटा उलटा करून बघितला, सरळ केला. ताजी टाकी होती. त्यावर शेंदूर पहिल्या चार हातांतच लोण्यासारखा झाला. मी पाटा राखेनं घासला, तीन पाण्यांनी धुतला, उन्हात वाळवला आणि होता तसा भिंतीला लावून ठेवला. दिसायला काळाभोर. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पुढं पुढं तर मी जांभळीखालच्या फुटक्या पाट्याला नुसता शेंदूर पुसून ठेवायची, मालकांना दिसावा म्हणून. बारा दुपारी. आणि बारा दुपारींनंतरच्या बारा सकाळी, आणि त्यानंतरच्याही, वन्संनी त्याच पाट्यावर खारीक वाटली. एकदा त्या म्हणाल्याही होत्या, "खारीक तांबूस निघाली गं आज." मी म्हटलं, "काल मिरची वाटली होती, वन्सं. न विचारता घेतला पाटा. चुकलं." त्या म्हणाल्या, "असू दे, धुवून ठेवत जा नीट."

मला कळत नव्हतं असं नाही. मिस्त्रींनी सांगितलं होतं, वन्संनी सांगितलं होतं. मला वाटलं, धुतलं की गेलं.

मालक गेल्यावर मी म्हणाले, "वन्सं, मी आत्ता जाऊन त्यांना—"

"गप." त्या पेज ढवळत होत्या. "त्यो तुला घालवून दील. घालवली न्हाई तर जन्मात तुझ्याशी बोलणार न्हाई. आन पोरगी आजारी. तिला कोण बघंल? मला काय, मला आधीच सगळी पांढऱ्या पायाची म्हणत्यात. त्यात एक भर."

मी त्यांच्या पायांना हात लावायला वाकले. त्यांनी पाय मागं घेतले.

"तुझ्यासाठी केलं न्हाई म्या. पोरीसाठी केलं. आन ध्यानात ठेव अनुसया, म्या तुला माफ केलेलं न्हाई. माझ्या हातानं चारलंस तू तिला. माझ्या बोटानं." त्यांनी ते फुटलेलं बोट माझ्यापुढं धरलं नाही, पदरात झाकून घेतलं. "ही पेज घेऊन जा. गार करून दे."

आठव्या दिवशी शालन डोळे उघडून बघायला लागली. त्याच दिवशी वन्सं दहिवडीच्या एसटीत बसल्या. दिरांकडं जाते म्हणाल्या. मालक स्टँडवर गेले नाहीत. दवाखान्याच्या फाटकात उभे राहून एवढंच म्हणाले, "लुगडी-धडुती पाठवून देतो." वन्संनी मान हलवली. वॉर्डात येऊन त्या शालनच्या खाटेजवळ दोन मिनिटं उभ्या राहिल्या होत्या, पण तिला हात लावला नाही. शालनच्या ओठांची हालचाल झाली. आवाज आला नाही.

तो पुढंही आला नाही. तिला ऐकू येतं, आपण सांगितलेलं बरंचसं कळतं. भूक लागली की ताटली आपटते. आता पंचावन्न वर्षांची आहे. माझ्या हाताला धरूनच रस्ता ओलांडते. इतकी वर्षं ती सगळ्यांचं बोलणं ऐकत माझ्या शेजारी बसते, पण तिच्यापुढंही मी हे कधी बोलून दाखवलेलं नाही.

जीप कारखान्याला लागली. दसऱ्याला नाही, दिवाळीनंतर; त्यांची दुसरी गाडी घाटात बंद पडली म्हणून. नऊ हंगाम चालली. मालकांनी ती विकली तेव्हा घेणाऱ्यानं नखानं रंग खरवडून बघितला, खाली केशरी लागला, त्याखाली पांढराशुभ्र पत्रा. गंजाचा ठिपका नव्हता. वन्सं अकरा वर्षं जगल्या. दिरांनी परत गोठ्यातच ठेवलं होतं. त्या गेल्याचा सांगावा आला तेव्हा आम्ही पोचेपर्यंत राख सावडून झाली होती. मालकांनी त्यानंतरही कधी बहिणीचं नाव काढलं नाही. ते गेले त्याला आता सतरा वर्षं झाली. त्यांना संशय होता की नव्हता, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

पण हे सगळं नंतरचं. ज्या दिवशी आम्ही शालनला घरी आणली, त्या दिवसाचं सांगायचं राहिलंय.

मालकांनी आल्या आल्या पाटा आणि वरवंटा पोत्यात घालून नदीला नेला. मी शालनला गोधडीवर निजवली होती. चाळीतल्या बायका बघायला आल्या. कुणी नारळ आणला, कुणी लिंबू उतरवून टाकलं. मी चहा केला. हौसावहिनी सगळ्यांत जवळ बसल्या होत्या. त्यांनी शालनच्या केसांवरून हात फिरवला आणि आवाज खाली आणला.

"म्या म्हणत न्हवते? मूल न झालेल्या बाईच्या हातात पोर द्यायचं न्हाई. तिचं काळीज येगळंच असतं. वरनं माया, आतनं जळती."

बाकीच्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. मी काय म्हणते ते त्यांना ऐकायचं होतं. दवाखान्यात मी फक्त गप्प होते. गप्प राहण्याला मी मनात काय काय नावं देऊन ठेवली होती, धक्का म्हणून, भीती म्हणून. आताही गप्प राहता आलं असतं. चहा उतू जातोय म्हणून उठता आलं असतं.

"मी यांना कितीदा सांगितलं होतं," मी म्हणाले. "पण बहिणीपुढं माझं ऐकतंय कोण."

हौसावहिनींनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "सोसलंस बाई," म्हणाल्या.

मी पदरानं डोळे पुसले आणि सगळ्यांच्या कपात चहा ओतला.